वंशावळ नसलेल्या नायकाच्या शोधात

आंबेडकरी कार्यकर्त्याने काय वाचावे याची एक न लिहिलेली यादी आपल्या चळवळीत फिरत असते. बाबासाहेबांचे खंड, फुले समग्र वाङ्मय, दलित आत्मकथने, त्यातून वेळ उरला तर मार्क्स आणि ग्राम्शी, आणि घरचे मागे लागले की स्पर्धा परीक्षेची गाइडे. या यादीवर आमचा आक्षेप नाही, आम्ही तिच्यावरच वाढलो. पण हातात तलवार घेऊन मांत्रिकाच्या मनोऱ्यावर चढणारा चोर या यादीत कुठेच बसत नाही, आणि गेली तीन वर्षे आम्ही सहा जण महिन्यातून दोन रविवारी नेमके त्याच्याबद्दल तावातावाने भांडत असतो.

सहा जण म्हणजे कोण? एक रिक्षा चालवणारा दादा, महापालिकेच्या शाळेत शिकवणारे एक सर, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, एमपीएससीच्या फेऱ्यात अडकलेले दोघे, आणि वस्तीत सामाजिक काम करणारे आम्ही. जागा चेंबूरच्या एका वस्तीतली, विहाराला लागून असलेली अभ्यासिका. पुस्तके माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळच्या फुटपाथवरून आणलेली, पाने पिवळी पडलेली, मुखपृष्ठावर पिळदार दंडाचा माणूस आणि त्याच्या पायाशी कमी कपड्यांतली बाई. ती मुखपृष्ठे आम्ही वर्तमानपत्राने झाकतो, कारण अभ्यासिकेत लहान मुलेही येतात. इंग्रजी सगळ्यांना सारखे येत नाही, म्हणून एकाने वाचायचे, मराठीत सांगत जायचे आणि बाकीच्यांनी मध्येच अडवायचे अशी पद्धत पडली आहे. एक कथा संपायला दोन रविवार लागतात.

चळवळीतले एक ज्येष्ठ काका आम्हाला म्हणाले, "बाबासाहेबांनी चेटूक वाचायला शिकवलं काय तुम्हाला?" त्यांच्या प्रश्नात दोन आरोप आहेत. एक, ही पळवाट आहे. दुसरा, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने जादूटोण्याच्या गोष्टीत रमणे हा विसंगतपणा आहे. काकांचा आम्ही आदर करतो, म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

दुसरा आरोप आधी घेऊ, कारण तो सोपा आहे.

या प्रकाराला इंग्रजीत 'सॉर्ड अँड सॉर्सरी' म्हणतात. आम्ही त्याला 'तलवार आणि चेटूक' म्हणतो. हे नाव फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ साली सुचवले, मायकेल मूरकॉक या तरुण लेखकाने या कथांना काय म्हणावे असे विचारले होते म्हणून. कथा मात्र त्याच्या बऱ्याच आधीच्या. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्या गावात राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्डने आपला कोनॅन डिसेंबर १९३२ च्या 'वीअर्ड टेल्स' मासिकात पहिल्यांदा उभा केला. आपल्याकडे अनेकांना कोनॅन माहीत आहे तो श्वार्झनेगरच्या सिनेमातून. कथेतला कोनॅन वेगळा आहे. तो विचार करतो, घाबरतो, उपाशी असतो, चोरी करतो.

मार्च १९३३ मध्ये आलेली 'द टॉवर ऑफ द एलिफंट' ही त्याची कथा घ्या. यारा नावाचा पुरोहित-जादूगार एका चकाकत्या मनोऱ्यात राहतो. राजासुद्धा त्याला टरकून असतो. तरुण कोनॅन रत्न चोरायला मनोऱ्यावर चढतो आणि आत त्याला सापडतो एक कैदी: हत्तीच्या डोक्याचा, डोळे फोडलेला, हातपाय मोडलेला. हा कैदी दुसऱ्या ग्रहावरून आलेला ज्ञानी जीव आहे. यारा त्याच्याकडे शिष्य म्हणून आला, विद्या शिकला, आणि त्याच विद्येने त्याला बांधून तीनशे वर्षे छळत राहिला. मनोरा, दरारा, रत्ने, सगळे काही या बांधलेल्या गुरूच्या ज्ञानावर आणि वेदनेवर उभे आहे.

ही कथा वाचून झाली तेव्हा रिक्षावाला दादा म्हणाला, "म्हणजे मंत्र बामनाचा नव्हताच." अभ्यासिकेत क्षणभर कोणी बोलले नाही. ज्याच्याकडून घेतले त्यालाच अंधारात डांबायचे आणि घेतलेल्याला स्वतःचे तेज म्हणून मिरवायचे, ही यंत्रणा आम्हाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. हॉवर्डच्या मनात जात नव्हती, हे उघड आहे. पण या प्रकारातल्या कथांत जादू बहुतेक वेळा शत्रूच्या हातात असते, आणि तिचा अर्थ असतो मूठभरांनी कुलूप लावून ठेवलेले ज्ञान. नायक त्या जादूसमोर हात जोडत नाही, मनोऱ्यावर चढतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वस्तीत समजावून सांगताना आम्ही पत्रके वाटली, पथनाट्य केले. पण बाबाच्या दरबारात खरी ताकद कुणाची असते हे पोरांना या कथेने जितके चटकन कळले तितके पत्रकाने कळले नव्हते.

आता पळवाटीचा मुद्दा. तो गंभीर आहे.

मराठी वाचकाला तलवारीची गोष्ट नवी नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्याकडे घरोघरी आहेत. पण त्यांतला नायक कोण असतो? राजा, राजपुत्र, सरदार, आणि चुकून गरीब घरातला असला तर शेवटच्या प्रकरणात त्याच्या दंडावरची खूण दिसते आणि तो कुणाचा तरी हरवलेला वारस निघतो. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही रानावनात फिरणारा ॲरागॉर्न शेवटी गादीचा वारसच असतो. तलवार-चेटूक कथेचा नायक मात्र बहुतेक वेळा कुणाचाच वारस नसतो. कोनॅन एका लोहाराचा पोरगा. पुढे तो राजा होतो तो गादीवरच्या राजाला मारून, रक्ताच्या हक्काने नव्हे. लायबरचे फाफर्ड आणि ग्रे माउसर हे दोघे दोस्त तर बहुतेक कथांत भाड्याच्या खोलीतले चोरच असतात. जन्म हे पात्रतेचे प्रमाणपत्र नाही असे मानणारी साहसकथा आम्हाला पहिल्यांदा इथे भेटली. याला पळवाट म्हणायचे असेल तर पळून कुठे चाललो आहोत तेही बघावे.

अर्थात यावर नर्सिंगवाल्या मुलीने लगेच बोट ठेवले. कोनॅन राजा झाला म्हणजे काय झाले? सिंहासन तसेच राहिले, बसणारा बदलला. समाजशास्त्रात एम.ए. करताना श्रीनिवासांचे संस्कृतीकरण आम्ही पाठ केले होते. खालचा वर चढतो आणि जिना शाबूत राहतो, ते हेच.

आणि हॉवर्डबद्दल यापेक्षा कडू गोष्टी बोलाव्याच लागतात. त्याच्या जगात माणसाचा स्वभाव वंशावरून ठरतो. 'क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट' या १९३४ च्या कथेत गोरी बेलित जहाजाची राणी आहे आणि काळे खलाशी तिला देवी मानून तिच्यासाठी मरतात. त्यांना जवळजवळ चेहराच नाही. त्याच वर्षीची 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' तर थेट आपल्या दारात येते. तिच्यात व्हेंध्या नावाचा देश आहे. राजधानी अयोध्या, राज्य करणारे क्षत्रिय, राणीला म्हणायचे देवी. टेक्ससमध्ये बसून भारताची कल्पना करणाऱ्या माणसाला क्षत्रिय सापडले, अयोध्या सापडली, हिमालयासारखे पर्वत आणि काळे साधक सापडले. त्या अयोध्येतला मैला कोण उचलत होता हे काही त्याला सापडले नाही. एमपीएससीवाला एक जण म्हणाला, "त्याचा काय दोष? त्याला जी पुस्तकं मिळाली त्यांत आपण नव्हतोच." हे खरे आहे, आणि तेच तर दुखणे आहे. भारताची जी प्रतिमा बाहेर गेली ती कुणी पाठवली?

मग ही पुस्तके फेकून द्यायची का? हा प्रश्न आमच्या आधी एका माणसाने स्वतःला विचारला होता, आणि हा सगळा लेख आम्ही त्याच्यासाठी लिहीत आहोत.

चार्ल्स साँडर्स. जन्म १९४६, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, कृष्णवर्णीय. व्हिएतनामच्या युद्धात जायचे नाही म्हणून १९६९ मध्ये कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. हॉवर्डच्या कथांवर त्याचा जीव होता आणि त्याच कथा त्याला चपराक मारत होत्या. १९७५ साली त्याने कल्पनारम्य साहित्यातल्या वर्णद्वेषावर एक जळजळीत लेख लिहिला. शीर्षकच होते 'मर, काळ्या कुत्र्या!' आपल्याकडे लोक निषेधाचा लेख लिहून थांबतात. साँडर्स थांबला नाही. त्याने न्युंबानी नावाचे आफ्रिकेसारखे जग रचले (स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ घर) आणि त्यात इमारो नावाचा नायक उभा केला. पहिली कादंबरी १९८१ साली आली.

इमारो पाच वर्षांचा असताना त्याची आई त्याला आपल्या टोळीत सोडून निघून जाते. तिने टोळीबाहेरच्या पुरुषाशी संबंध ठेवला होता. इल्यासाई नावाची ही गुरे पाळणाऱ्या योद्ध्यांची टोळी त्या पोराला वाढवते, लढायला शिकवते, आणि आपला म्हणत नाही. बापाचे नाव नसलेला म्हणून हिणवते. तो सिंह मारतो तरी मान मिळत नाही. वाचणारा सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो, आणि कुणीतरी मध्येच म्हणाले, "हे तर ब्रोकन मेन." 'अस्पृश्य मूळचे कोण होते' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेब मांडतात की पराभूत टोळ्यांतून फुटून विखुरलेली माणसे दुसऱ्यांच्या गावाच्या कडेला राहू लागली. गावाला त्यांची गरज होती, पण ती गावाच्या रक्ताची नव्हती. हे पटवताना बाबासाहेब आयर्लंड आणि वेल्समधल्या अशाच परक्या, कडेला वसवलेल्या लोकांचे दाखले देतात. स्वतःची गोष्ट कळावी म्हणून दुसऱ्याच्या देशात डोकावणे ही पळवाट असेल तर ती बाबासाहेबांपासून चालत आलेली आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. इमारोची आणि आमची ओळख त्या मानाने उशिराच झाली.

इमारोच्या पहिल्या मुखपृष्ठाची कथाही सांगण्यासारखी आहे. प्रकाशकाने त्यावर 'काळा टारझन' अशा अर्थाची ओळ छापली. टारझनचे हक्क असलेल्यांनी दाव्याची धमकी दिली, मुखपृष्ठ बदलावे लागले, पुस्तक लांबले, विक्री बसली. टारझनला उत्तर म्हणून लिहिलेल्या नायकाला टारझनचेच लेबल! 'दलितांचा अमुक', 'बहुजनांचा तमुक' अशी लेबले ज्यांना लागतात त्यांना हा विनोद कळेल. तिसऱ्या भागानंतर, १९८५ मध्ये, मालिका थांबली. २००६ ला दुसऱ्या प्रकाशकाने ती पुन्हा आणली तेव्हा साँडर्सने स्वतःची एक कथा काढून टाकली, कारण १९९४ च्या रुवांडातल्या नरसंहाराशी तिचे साम्य त्याला सहन होईना. त्या जागी नवी लिहिली. पुढचा भाग त्याने २००९ मध्ये स्वतःच छापला.

साँडर्स हॅलिफॅक्स शहरात वर्तमानपत्रात काम करायचा आणि तिथल्या आफ्रिकव्हिलबद्दल लिहायचा. आफ्रिकव्हिल ही काळ्या लोकांची वस्ती. १९५० च्या दशकात शहराने आपले डम्पिंग ग्राउंड तिच्या शेजारी आणून ठेवले, आणि १९६० च्या दशकात वस्तीच पाडली. लोकांचे सामान हलवायला पालिकेने कचऱ्याचे ट्रक पाठवले. २०१० साली शहराने माफी मागितली. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आमच्या बाजूला आहे. पावसाळ्यात तो वास अभ्यासिकेच्या खिडकीतून आत येतो. आफ्रिकव्हिलबद्दल वाचले त्या रविवारी इमारो बाजूलाच राहिला आणि दोन तास पुनर्वसनाच्या अर्जांवर बोलणे झाले. काकांनी त्या दिवशी यायला हवे होते.

मे २०२० मध्ये साँडर्स गेला. आधी त्याच्या कबरीवर नावही नव्हते. वाचकांनी आणि मित्रांनी पैसे गोळा करून दगड बसवला. त्याआधी २०११ मध्ये त्याने मिल्टन डेव्हिस या लेखकाबरोबर 'ग्रिओट्स' हा कथासंग्रह संपादित केला होता. तलवार आणि चेटकाऐवजी ते आपल्या प्रकाराला 'सॉर्ड अँड सोल' म्हणतात, तलवार आणि आत्मा. 'आत्मा' शब्दावर आमच्या सरांनी धम्माच्या दृष्टीने हरकत घेतली. ती नोंदवून आम्ही पुढे गेलो.

सॅम्युएल डिलेनी हा दुसरा लेखक, हार्लेमचा, जन्म १९४२. त्याच्या नेव्हेरियॉनच्या कथा १९७९ पासून आल्या. वाचायला अवघड, आमचे तीन-तीन रविवार एका कथेला गेले. तिथे राज्य काळ्या-सावळ्या लोकांचे आहे आणि गोरे, निळ्या डोळ्यांचे रानटी लोक बाजारात गुलाम म्हणून विकले जातात. नुसती ही उलटापालट वाचतानाही एक वेगळीच गंमत येते. नायक गॉर्गिक सोळाव्या वर्षी खाणीत गुलाम म्हणून जातो, पुढे सुटतो, आणि गुलामगिरीविरुद्ध बंड उभे करतो. पण सुटल्यावरही तो गळ्यातले गुलामाचे लोखंडी कडे घालतच राहतो.

या कड्यावर आमचे जितके भांडण झाले तितके कशावरच झाले नाही. पेशवाईतल्या गाडग्या-खराट्याची आठवण निघणे साहजिक होते. एक बाजू म्हणाली, कडे फेकून द्यायचे असते; आपण धर्म बदलला, आडनावे बदलली, मेलेली गुरे ओढणे सोडले, ते यासाठीच. दुसरी म्हणाली, शेवटचा गुलाम सुटेपर्यंत सुटलेल्याने ते घालावे म्हणजे बाकीच्यांना विसरता येणार नाही. 'दलित' हा शब्द ठेवायचा की टाकायचा, हा आपल्यातला जुना वाद पाहता पाहता त्या कड्यात येऊन बसला. गॉर्गिकच्या कड्यात शारीरिक इच्छेचाही एक पदर आहे, डिलेनी तो लपवत नाही. आमच्या बैठकीत त्यावर बोलायला थोडा संकोच झाला. पण नर्सिंगवाली मुलगी शांतपणे म्हणाली की गुलामीने माणसाच्या इच्छासुद्धा घडवल्या असतील तर त्याबद्दल बोलायला नको का? त्यानंतर सगळे बोलले.

तुलनेसाठी अमीश त्रिपाठींचे २०१० चे 'मेलुहा' बघा, आपल्याकडे प्रचंड खपलेले. तिथेही विकर्म नावाचे, मागच्या जन्मीच्या पापासाठी अस्पर्श ठरवलेले लोक आहेत. पण ज्या विकर्म स्त्रीची गोष्ट आपण वाचतो ती सम्राटाची मुलगी आहे, आणि तो कायदा रद्द करतो भाकितात सांगितलेला नीलकंठ. अस्पृश्यसुद्धा राजकन्याच हवी आणि सोडवणारा अवतारच हवा! गॉर्गिकला कुणाचे भाकीत लागत नाही.

आता जे चालले आहे ते सांगतो. नर्सिंगवाली मुलगी स्वतः मराठीत अशी कथा लिहीत आहे. तिची नायिका गावकुसाबाहेरची, मेलेली जनावरे ओढणाऱ्या घरातली. हाडाची आणि कातड्याची तिला अशी जाण आहे की मांत्रिकाने मढ्यांपासून उभे केलेले सैन्य कुठे कापले की कोसळते हे तिला एकटीलाच कळते. कल्पना ऐकून दादाने टेबलावर हात आपटला. पण सरांनी सुचवले की शेवटी ती नाग राजांच्या वंशातली निघावी. १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागांचा गौरव केला आहे, ज्यांचा इतिहास पुसला त्यांना पूर्वज परत द्यायला नकोत का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्नात दम आहे. सरांच्या वर्गात पोरे विचारतात, आपले राजे कोण होते, आणि रिकाम्या हाताने उत्तर देणे सोपे नसते.

मुलगी मात्र ऐकेना. ती म्हणाली, "सर, ती राणीची नात निघाली तर तिची विद्या रक्तातून आली असं होईल. ती तर आजीकडून, सुरी धरून शिकली आहे." या वादात आम्ही मुलीच्या बाजूने आहोत. नाग पूर्वजांचा अभिमान आम्हालाही आहे. पण तो हक्काचा दाखला म्हणून दाखवावा लागला की आपण पुन्हा दंडावरची खूण शोधायला लागतो.

भाषेचाही पेच आहे. हॉवर्ड ज्याला अभिमानाने 'बार्बेरियन' म्हणतो त्याला मराठीत काय म्हणायचे? रानटी, असंस्कृत, जंगली, सगळे शब्द आपल्याच लोकांच्या अंगावर फेकून झालेले. दादाचे मत की रानटीच ठेवा, रान आपलेच आहे. तिने तूर्त तोच ठेवला आहे. नायिका तिच्या आजीच्या बोलीत बोलते, मांत्रिक छापील मराठीत. तेरा पाने झाली आहेत. नायिकेला अजून नाव नाही. सरांनी तीन नावांची चिठ्ठी दिली आहे, त्यातली दोन नागांवरूनच आहेत, आणि तिसऱ्यावर येत्या रविवारी बोलायचे ठरले आहे.